वाङ्मयाचा ठावठिकाणा

वाङ्मय शिकवण्यासाठी नकाशा कशाला हवा, असे कोणी विचारले तर तो प्रश्न वावगा म्हणता येणार नाही. कविता, कादंबरी ही मनाची गोष्ट. नकाशा हा तलाठ्याचा, मोजणीदाराचा आणि फार तर सेनापतीचा विषय. महाविद्यालयातल्या भाषेच्या वर्गाचे आजवर फळा, पुस्तक आणि प्राध्यापकांची वाणी एवढ्यावर भागत आले आहे. परंतु आता संगणकावरचा आणि खिशातल्या मोबाइलवरचा नकाशा विद्यार्थ्यांच्या हाती आला आहे. त्यावर त्यांनी स्वतः गावे, वाटा, ओढे व जुन्या खुणा मांडाव्यात आणि त्यांच्या आधारे एखादी कादंबरी किंवा आत्मचरित्र वाचावे, अशी शिकवण्याची रीत जगात ठिकठिकाणी सुरू झाली आहे. ही रीत आपल्या सातारा-सांगलीच्या वाङ्मयाला लावली तर हाती काय येईल, आणि त्यात कशाला जपावे लागेल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मी प्राध्यापक नव्हे. माझी हयात कामगार संघटनेच्या कामात गेली आणि शिक्षण झाले ते वाचनालयात व एस.टी.च्या बाकावर. तरीही या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार मला वाटतो, तो पत्त्यामुळे. आमच्या सभासदांच्या नोंदवहीत ‘कायमचा पत्ता’ असा एक रकाना असतो. गाव, वाडी, पोस्ट, तालुका, जिल्हा. हा रकाना भरताना माणूस क्षणभर थांबतो. एका कारखान्यातील अपघाताच्या भरपाईचे पत्र केवळ वाडीचे नाव चुकले म्हणून परत गेले आणि त्या घरातल्या विधवा बाईला पुढे कित्येक महिने खेटे घालावे लागले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. कागदावर ज्याचा ठावठिकाणा नाही त्याला हक्क मिळणे कठीण, हे कामगारांत काम करणाऱ्याला शिकवावे लागत नाही. वाङ्मयाचीही गोष्ट पुष्कळशी तशीच आहे, असे मला वाटते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. वाङ्मय आणि ठिकाण यांची सांगड घालणे ही परदेशातून आलेली टूम आहे, असे समजण्याचे कारण नाही. मराठीत हे काम सहाशे वर्षांपूर्वी झालेले आहे. महानुभाव पंथाच्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरस्वामींच्या आठवणी आहेत, आणि त्या लीळा जेथे जेथे घडल्या ती स्थाने ‘स्थानपोथी’ या ग्रंथात नोंदली आहेत. चौदाव्या शतकात मुनी व्यासांनी ती रचली. कोणत्या गावी कोणते देऊळ, त्याचे दार कोणत्या दिशेला, स्वामींचे आसन कोठे, असा तिचा थाट आहे. ग्रंथ वाचणाऱ्याने तेथवर चालत जावे आणि जाता आले नाही तर जागा मनाने तरी अचूक धरावी, हा तिचा हेतू. आपल्या जिल्ह्यातले फलटण हे त्या पंथाचे मोठे स्थान आहे, हे येथील लोकांना सांगावयास नकोच. नकाशाचे चित्र त्या पोथीत नाही. परंतु नकाशाला जे लागते ते सारे, म्हणजे दिशा, जागा आणि खूण, तीत आहे.

तीच गोष्ट रामदासी परंपरेतील अकरा मारुतींची. चाफळचे दोन, शिंगणवाडी, उंब्रज, मसूर, शहापूर व माजगाव हे साताऱ्यातले. बहे आणि बत्तीस शिराळा हे सांगलीतले. मनपाडळे व पारगाव हे कोल्हापुरातले. आज ही ठिकाणे तीन जिल्ह्यांत वाटली गेली आहेत, परंतु भाविकाच्या मनात तो एकच फेरा आहे. राज्यकर्त्यांचा नकाशा निराळा आणि माणसांच्या मनातला नकाशा निराळा, याचे इतके सोपे उदाहरण दुसरे नसेल.

आता राज्यकर्त्यांच्या नकाशाकडे वळू. १८०२ साली लॅम्बटनने मद्रासेजवळ पायारेषा मोजून या देशाच्या त्रिकोणमितीय मोजणीला आरंभ केला. मुंबई इलाख्यात १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी शेतवार मोजणी व सारा ठरवण्याची नवी पद्धत घातली. तिचे नियम १८४७ साली पक्के झाले. १८४८ साली सातारचे राज्य खालसा झाले आणि मागोमाग ती पद्धत इकडेही आली. आज आपल्या घरात सात-बाराच्या उताऱ्यावर जो गट क्रमांक दिसतो, त्याची पाळेमुळे तेथवर जातात. या मोजणीने रयतेचे काही भले झाले नाही असे नाही. जमिनीच्या हद्दी ठरल्या, तंटे थोडे कमी झाले. परंतु हेतू साऱ्याचा होता. सारा ज्या जमिनीवर बसतो ती जमीन रेघ मारून दाखवली गेली. जी माणसे जमिनीची मालक नव्हती, त्यांचे घर ‘गावठाण’ या एका शब्दात बुडून गेले, आणि पुष्कळदा ते त्या गावठाणाच्याही बाहेर होते.

नकाशाच्या जोडीला दुसरे एक पुस्तक आले, ते हजेरीचे. १८७१ साली सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानभर नेली. जन्मावरून माणूस गुन्हेगार ठरवायचा, त्याचे नाव नोंदवायचे, त्याने ठरल्या वेळी हजेरी द्यायची आणि परवानगीवाचून गावाची शीव ओलांडायची नाही, असा त्याचा जाच होता. हा कायदा देशभरातून पूर्णपणे उठला तो १९५२ च्या ऑगस्टअखेर. म्हणजे ज्या माणसांना जमिनीच्या नकाशात जागा नव्हती, त्यांना पोलिसांच्या वहीत मात्र पक्की जागा होती. त्यांचाही पत्ता लिहिला जात होता. पण तो त्यांना शोधून धरण्यासाठी.

एवढी पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी नकाशा समोर ठेवून का वाचावी, हे ध्यानात येईल. अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावचा. ‘फकिरा’ १९५९ साली प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभीचे सारे नाट्य गावाच्या शिवेवर उभे आहे. फकिराचा बाप राणोजी शिगावची जोगणी आपल्या गावासाठी आणतो. शीव ओलांडली की मानाचा मालक बदलतो, हा जुना रिवाज. आणि त्या शिवेपायीच त्याचा जीव जातो. शहरात वाढलेल्या विद्यार्थ्याला ‘शीव’ या शब्दाचा कोशातला अर्थ ‘हद्द’ एवढाच मिळतो. त्याने गावाचा नकाशा उघडला, शिवेवरचे दगड, ओढा, देऊळ शोधले, वाटेगाव व शिगाव यांमधले अंतर मोजले आणि कादंबरीतल्या घोड्याच्या दौडीशी ते ताडून पाहिले, म्हणजे त्याला निराळेच प्रश्न पडू लागतील. नकाशातले अंतर आणि कथेतले अंतर जेथे जुळते तेथे लेखक आठवणीतून लिहितो आहे काय? जेथे जुळत नाही तेथे त्याने गावे जवळ का ओढली? उत्तर नकाशा देणार नाही. परंतु हा प्रश्न नकाशावाचून सुचलाही नसता.

आणखी एक बारीक गोष्ट. पुष्कळ पुस्तकांत अण्णा भाऊंचे गाव कधी सातारा जिल्ह्यात लिहिलेले असते, कधी सांगली. दोन्ही खरे आहे. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली जुन्या साताऱ्याचे दोन भाग होऊन दक्षिण सातारा हा जिल्हा झाला, आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. माणूस आपल्या गावी होता तेथेच राहिला. जिल्हा मात्र त्याच्या पायाखालून सरकला. विद्यार्थ्याच्या हातून अशी चूक होते ती आळसाने नव्हे. त्याच्यासमोर एकाच काळाचा नकाशा असतो, म्हणून होते.

येथे नवीन साधनाचा खरा उपयोग सुरू होतो. पूर्वी मोठ्या इमारतीचा आराखडा काढताना एका कागदावर पाया, त्यावर पारदर्शक कागद ठेवून भिंती, त्यावर तिसऱ्या कागदावर पाण्याचे नळ, असे एकावर एक काढत. संगणकावरचा नकाशा हे तेच काम करतो. त्या प्रत्येक कागदाला तेथे थर म्हणतात. एका थरावर नद्या, दुसऱ्यावर १९४८ पूर्वीच्या संस्थानांच्या हद्दी, तिसऱ्यावर आजचे तालुके, चौथ्यावर कादंबरीतील प्रसंग. हवा तो थर दाखवावा, नको तो झाकावा. जुना छापील नकाशा घ्यावा, त्यावरच्या चार-सहा ओळखीच्या जागा, म्हणजे नदीचा संगम, किल्ल्याचे टोक, पूल, आजच्या नकाशावरील त्याच जागांशी जुळवाव्यात, म्हणजे सारा जुना नकाशा ताणून नव्यावर बसवता येतो. हे करण्यास मोठा खर्च लागत नाही. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून चालवलेला नकाशा २००४ पासून आहे. क्यूजीआयएस ही संगणकप्रणाली फुकट मिळते. आपल्या इस्रोने २००९ साली ‘भुवन’ खुले केले. आपल्या देशात नकाशे तयार करण्यावर फार दिवस सरकारी परवानग्यांचे जोखड होते. तेही फेब्रुवारी २०२१ च्या धोरणाने भारतीय संस्थांपुरते बरेच सैल झाले. म्हणजे दोनशे वर्षे जे हत्यार सरकारच्या कोठारात होते ते आता वाडीवरच्या पोराच्या हाती आले आहे. ते कसे चालवावे, हे शिकवण्याचे काम भाषेच्या शिक्षकाने का टाळावे?

परंतु हत्यार आले की इजाही आली. तिचे उदाहरण म्हणून माणदेश घेऊ. माणदेश हे नाव सर्वांच्या तोंडी आहे, पण त्या नावाचा जिल्हा नाही. साताऱ्यातला माण, सांगलीतले आटपाडी व जत, सोलापुरातला सांगोला, एवढ्या मुलखात तो पसरला आहे. या मुलखाने मराठीला थोडे दिले नाही. ग. दि. माडगूळकर १९१९ साली शेटफळ्यात जन्मले, शंकरराव खरात १९२१ साली आटपाडीत, आणि व्यंकटेश माडगूळकर १९२७ साली माडगुळ्यात. तिघेही आजच्या एकाच तालुक्यातले. त्या काळी हा भाग औंध संस्थानात होता. त्याच संस्थानाने आटपाडीजवळ कैद्यांसाठी उभारलेली स्वतंत्रपूरची खुली वसाहत पुढे गदिमांच्या कथेतून १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटात गेली, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल.

आता व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घ्या. १९५५ साली ती पुस्तकरूपाने आली. धनगरांची वाडी, नवा तरुण मास्तर, वृद्ध कारभारी, तालमीची इमारत आणि शेवटी दुष्काळाने उठून जाणारी माणसे. आजचा विद्यार्थी मोबाइलवर उपग्रहाचे चित्र उघडून आटपाडीकडे पाहील तर त्याला डाळिंबाच्या हिरव्या बागा दिसतील. मग तो म्हणेल, लेखकाने दुष्काळ वाढवून सांगितला. त्याला कोणीतरी सांगावयास हवे की कऱ्हाडजवळच्या टेंभू येथून कृष्णेचे पाणी उचलून या भागात आणले गेले आहे, आणि हे अलीकडचे आहे. टेंभू म्हणजे गोपाळ गणेश आगरकरांचे जन्मगाव. आगरकरांच्या गावचे पाणी माडगूळकरांच्या मुलखात पोहोचले, ही घटना मला एखाद्या कादंबरीपेक्षा कमी वाटत नाही. पण १९५५ ची कादंबरी आजच्या चित्रावर बसवली तर दोघांवरही अन्याय होतो. म्हणून पहिला नियम असा की, नकाशाची तारीख पुस्तकाच्या काळाशी जुळली पाहिजे. पर्जन्यमानाचा एक थर घालावा. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर माणमध्ये पाचशेच्या आसपास. एवढे दोन आकडे समोर असले तरी वाडी का उठली हे मास्तरांना निराळे सांगावे लागत नाही.

दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. बनगरवाडी नेमकी कोणती, म्हणून टाचणी टोचण्याची घाई करू नये. लेखकाने गावाचे नाव बदलले असेल तर त्यामागे काही कारण असते. चार वाड्यांची मिळून एक वाडी केलेली असते, जिवंत माणसांची लाज राखलेली असते. स्थानपोथीकारांना स्थान नेमके दाखवावयाचे होते. कादंबरीकाराला कित्येकदा ते झाकावयाचे असते. नकाशावर अशा ठिकाणी टिंब न देता फिकट रंगाचा पट्टा द्यावा आणि ‘या मुलखात कोठेतरी’ असे लिहावे. आत्मचरित्रातल्या माणसांची घरे तर मुळीच दाखवू नयेत. त्यांची नातवंडे तेथे राहत असतात.

शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ हे आत्मचरित्र १९८१ साली आले. ते आणि माडगूळकरांचे माणदेशी लेखन एकाच नकाशावर मांडून पाहावे. तोच मुलूख, तेच ऊन, तोच ओढा. परंतु गावकुसाच्या आतून निघालेली वाट आणि बाहेरून निघालेली वाट सारखी नसते. तराळकी करणाऱ्या माणसाला हाकेसरशी ज्या दारापर्यंत जावे लागे, त्या दाराच्या आत त्याला पाऊल टाकता येत नसे. पाणवठे दोन, रस्ते दोन, एकच गाव. या वाटा दोन रंगांत काढावयास विद्यार्थ्यांना सांगितले तर अस्पृश्यता या विषयावरचा निबंध न लिहिताही त्यांना पुष्कळ कळेल.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून चालणार नाही. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशी नावे जाऊन तेथे समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे यावीत, हा त्याचा आशय. हा निर्णय योग्यच आहे. ज्याला रोज आपल्या पत्त्यात अपमान लिहावा लागतो त्याने तो का सोसावा? परंतु वाङ्मयाच्या नकाशावर कोणते नाव लिहावे? ‘फकिरा’तला मांगवाडा पुसून तेथे नवे नाव घातले तर त्या माणसांनी काय भोगले याचा पुरावाच नाहीसा होतो. जुनेच नाव ठेवले तर आज तेथे राहणाऱ्या मुलीच्या दारावर आपण पुन्हा तीच पाटी लावतो. कागदी नकाशावर हा पेच सुटत नव्हता, कारण त्यावर एका जागी एकच नाव बसते. थरांच्या नकाशावर तो सुटू शकतो. आजचा थर उघडला की आजचे नाव, वस्तीने स्वतः घेतलेले. कादंबरीच्या काळाचा थर उघडला की तेव्हाचे नाव, कोणी व का दिले या टिपेसह. दोन्ही एकत्र मिसळू द्यावयाचे नाहीत. या नव्या साधनाची अनेक कौतुके ऐकली. मला त्याचा सर्वांत मोठा उपयोग हाच वाटतो. अपमान पुसावा, पण इतिहास पुसू नये, हे दोन्ही एकाच वेळी करण्याची सोय पूर्वी आपल्याकडे नव्हती.

आता गाव सोडून मुंबईच्या वाटेला लागू, कारण सातारा-सांगलीचे निम्मे वाङ्मय त्या वाटेवरचे आहे. १९३० नंतरच्या थोड्याच वर्षांत अण्णा भाऊ लहान वयात घरच्यांबरोबर वाटेगावहून मुंबईला गेले, ते पायी. अंतर तीनशे किलोमीटरांहून अधिक. विद्यार्थ्याने नकाशावर साताऱ्याकडून मुंबईस जाणारी जुनी सडक काढावी. खंबाटकी, कात्रज व बोर हे घाट दाखवावेत. मग त्यावर रेल्वेचा थर घालावा. पुणे-मिरज लोहमार्ग तेव्हा बराच जुना झाला होता आणि कऱ्हाडला, शेणोलीला, ताकारीला गाड्या थांबत होत्या. गाडी होती, तरी माणसे चालली. कारण भाड्याला पैसे नव्हते. ही एक गोष्ट दोन रेघा शेजारी शेजारी दिसल्यावर जितकी मनावर ठसते तितकी ‘दारिद्र्य’ या शब्दाने ठसत नाही. पुढे गिरणी, १९४४ चे लाल बावटा कलापथक, आणि घाटकोपरच्या चिरागनगरची झोपडी. ‘फकिरा’ वारणेकाठची असली तरी लेखक बसला होता मुंबईच्या वस्तीत. कथेचा पत्ता एक आणि लेखणीचा पत्ता दुसरा. गावाला आठवणाऱ्या कामगाराचे मन असेच दोन पत्त्यांचे असते, हे गिरणगावात ज्यांनी दिवस काढले त्यांना समजावे लागत नाही.

पुरुष मुंबईस गेला तेव्हा बाई गावी जात्यावर बसली होती. तिच्या ओव्यांना पत्ता कोणी दिला? येथे महाराष्ट्रात झालेल्या एका थोर कामाचा उल्लेख केला पाहिजे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावांतल्या या ओव्या आहेत. ‘पारी’ या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या क्रमाने प्रसिद्ध होत आहेत. त्यांचे वैशिष्ट्य असे की, ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, तालुका यांची नोंद ठेवली गेली. ‘लोकवाङ्मय’ म्हटले की ते कोणाचेच नसते अशी आपली समजूत; येथे ते अमक्या गावच्या अमक्या बाईचे आहे, असे प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर लिहिले गेले. हजेरीच्या वहीतली नोंद आणि ही नोंद यांची तुलना करून पाहा. दोन्हींत नाव व गाव आहे. एकीत माणसाला धरून ठेवण्यासाठी, दुसरीत माणसाला मान देण्यासाठी. नकाशाचे बरेवाईट त्याच्या रेघांवरून ठरत नाही. कोणाच्या कामासाठी रेघ मारली यावरून ठरते.

परदेशातही हे काम झाले आहे, आणि तेथूनही शिकण्यासारखे आहे. फ्रँको मोरेत्ती या इटालियन अभ्यासकाने युरोपीय कादंबरीचा एक नकाशासंग्रह केला. तो इंग्रजीत १९९८ साली निघाला. जेन ऑस्टिनच्या कथा नकाशावर मांडल्यावर त्यात स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स यांना जागाच नाही, असे त्याने दाखवले. जे आहे त्यापेक्षा जे नाही ते नकाशावर चटकन दिसते, हा त्याचा धडा. आपल्या पाठ्यपुस्तकातील सारे धडे नकाशावर मांडले तर किती टिंबे पुण्यामुंबईवर पडतील आणि जत, पाटण, शिराळा यांच्या वाट्याला किती येतील, हे विद्यार्थ्यांनी स्वतः मोजावे. उत्तर काय येईल ते मी सांगत नाही, मोजू द्यावे.

यावर आक्षेप येतील, ते मी जाणतो. एक असा की, टिंबे देण्याच्या नादात कादंबरी वाचणेच राहून जाईल. भीती खरी आहे. म्हणून क्रम असा असावा: आधी सबंध पुस्तक वाचणे, मग त्यातील प्रत्येक जागेची पानवार यादी करणे, मग नकाशा, आणि शेवटी नकाशा बाजूला ठेवून पुन्हा वाचणे. ज्याने यादी केली नाही त्याला यंत्रापाशी बसू देऊ नये. दुसरा आक्षेप पैशांचा. परंतु भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९४७ साली महाविद्यालय काढले ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. आपल्याकडे साधनांच्या अभावी शिक्षण थांबल्याचा इतिहास नाही. पाच विद्यार्थ्यांत एक मोबाइल आणि महाविद्यालयाचा एक संगणक एवढ्यावर हे काम होते. नव्या शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रमात क्षेत्र-प्रकल्पाला जागा दिली आहे. मराठीच्या वर्गाला यापेक्षा चांगला प्रकल्प कोणता मिळणार?

तिसरा आक्षेप माझा स्वतःचाच आहे. हे काम केवळ यंत्रापाशी बसून होणार नाही. ओढ्याचे जुने नाव, बुजलेली पायवाट, धरणाच्या पाण्याखाली गेलेले देऊळ, यांची माहिती उपग्रहाला नसते; ती म्हाताऱ्या माणसांना असते. म्हणून विद्यार्थ्यांनी गावात जावे, विचारावे, लिहून घ्यावे, आणि सांगणाऱ्याची परवानगी घेऊन त्याचे नाव श्रेयात घालावे. ज्याच्या श्रमाने माहिती आली त्याचे नाव गाळणे हीही एक पिळवणूकच आहे, असे माझ्यासारख्याला वाटल्यास नवल नाही.

आणि येथेच श्रोत्यांचे काम सुरू होते. वसंत व्याख्यानमालेत आपण दरवर्षी येतो, चार चांगल्या गोष्टी ऐकतो व घरी जातो. या खेपेस थोडे अधिक करावे, अशी विनंती आहे. आपल्या माळ्यावरच्या ट्रंकेत मुंबईहून आलेल्या मनिऑर्डरींच्या पावत्या असतील, आजोबांचे पत्र असेल, जुना सात-बारा असेल, आईच्या ओव्यांची वही असेल. त्यांवर गावांची, वाड्यांची, चाळींची नावे आहेत. ती जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाला पाहावयास द्यावीत. सातारा-सांगलीच्या प्रत्येक महाविद्यालयाने एक पुस्तक व त्याचा मुलूख घेतला, तर थोड्या वर्षांत या दोन जिल्ह्यांच्या वाङ्मयाचा नकाशा तयार होईल. जिल्ह्यांच्या हद्दी त्यानंतरही बदलतील. पण वाटेगावहून निघालेला मुलगा कोणत्या वाटेने गेला, आणि आटपाडीच्या गावकुसाबाहेर कोण राहत होते, हे पुढच्या पिढीला कोणाच्या दारात जाऊन विचारावे लागणार नाही. तेवढा पत्ता तरी आपण नीट लिहून ठेवू या.